मागून आणलेलं झबलं

लोखंडी ट्रंक. झाकणाला आतून जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं. पानावर एक गुटगुटीत बाळ आणि खताची जाहिरात.

दोन पूर्णांक सात.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत दुपारी एकला भोंगा होतो. माणसं मान वर करतात. कुत्रीसुद्धा.

पाच घरं. चार आपल्या देवाची, एक दुसऱ्या.

"घाटावरच्या माणसाला नाक असतं, पण ते फक्त सर्दी व्हायला." मी शिळे बांगडे घेऊन आलो होतो तेव्हा कनीज सिस्टर म्हणाली होती. सगळा वॉर्ड हसला होता.

स्टीलच्या वाटीवर चमचा आपटायचा. बाळाच्या मागे उभं राहून. आपला हात त्याला दिसता कामा नये.

दापोलीला एक मुलगी आहे, दीड वर्षाची. ती एका टॅबमुळे जिवंत आहे.

कोकणात तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. "बगू" म्हणतात.

घडत होतं तेव्हा यातल्या कशाचाही कशाशी संबंध नव्हता. आता आहे. आता उपयोग नाही.

*

मी लहान मुलांचा डॉक्टर. विनीत माझं नाव, गाव बार्शी. रत्नागिरीत येऊन सहा वर्षं झाली. मिरजोळ्याच्या रस्त्यावर वीस खाटांचं एक रुग्णालय आहे, तिथे नवजात बाळांचा विभाग मी बघतो.

'कयास' आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आला. कयास म्हणजे टॅबवरचा एक प्रोग्रॅम. पुण्याच्या काही मुलामुलींनी बनवलेला. बाळाची माहिती भरायची: वजन किती, कितव्या आठवड्यात जन्मलं, जन्मून किती तास झाले, आईचा रक्तगट, बाळाचा रक्तगट, कपाळावर यंत्र टेकवून मोजलेली कावीळ, दूध कसं ओढतंय. सगळे मिळून सोळा प्रश्न. मग कयास सांगतो की या बाळाला येत्या काही दिवसांत धोकादायक कावीळ होण्याची शक्यता इतके टक्के. जंतुसंसर्गाची इतके. हृदयाच्या दोषाची इतके. निदान तो करत नाही. शक्यता सांगतो, आणि दर नव्या बाळागणिक शिकतो.

काविळीसाठी आम्ही एक रेघ ठरवली होती. दहा टक्क्यांच्या वर आलं तर बाळ ठेवून घ्यायचं, खाली आलं तर घरी सोडायचं.

आम्ही म्हणजे मी. रेघ मी ठरवली होती.

*

दापोलीची मुलगी. तिची आई नबीला, वडील अक्रम, मस्कतला नोकरीला. मुलगी तीन दिवसांची असताना नबीला तिला घेऊन आली, तक्रार एवढीच की दूध कमी ओढते. मी तपासलं. मला वाटलं, पहिलटकरीण आहे, घाबरलीय. कयास म्हणाला, जंतुसंसर्ग, एकेचाळीस टक्के. मी जरा चिडूनच रक्त तपासायला पाठवलं. चार तासांत मुलगी निळी पडली. औषध आधीच सुरू केलेलं होतं म्हणून वाचली.

अक्रमने मस्कतहून फोन केला. पुढच्या महिन्यात कुणाबरोबर तरी खजुराचे दोन डबे आले. आम्ही आठवडाभर खात होतो.

त्या खजुरानंतर मी बाळाकडे बघायच्या आधी टॅबकडे बघू लागलो.

*

गुरुवार, नोव्हेंबर महिना, सकाळी साडेआठ.

ज्ञानेश्वरी भुवड, वय तेवीस, संगमेश्वराच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतली. नवरा स्वरूप मुंबईला लिफ्ट दुरुस्त करतो. मंगळवारी सकाळी तिला मुलगा झाला, सरळ बाळंतपण, पूर्ण दिवसांचं बाळ. खिडकीशी तिची सासू, सगुणाबाई, हातात तांब्या घेऊन उभी.

बाळाच्या अंगावरचं काहीच एकमेकांशी जुळत नव्हतं. पिवळं झबलं, त्यावर बदक. डोक्याला क्रोशाने विणलेलं हिरवं टोपडं. पायात मोजे, एक लाल, एक पांढरा. दुपटं निळं. सगळं धुऊन धुऊन मऊ झालेलं, घड्यांच्या खुणा मात्र कडक. मी झबल्याची गाठ सोडली आणि वास आला.

डांबरगोळ्या.

मला बार्शीच्या घरातलं आईचं कपाट आठवलं. त्या कपाटातला माझा शाळेचा तांबडा स्वेटर. थंडी पडली की आई तो काढायची आणि दोन दिवस वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. हे सगळं आठवायला तीन सेकंद लागले असतील. त्या तीन सेकंदांत मी डॉक्टर नव्हतो.

"केवढा वास," कनीज सिस्टर म्हणाली. कनीज इथली, राजिवड्याची. बावीस वर्षं बाळं हाताळतेय.

"हं," मी म्हणालो आणि यंत्र कपाळाला टेकवलं. नऊ पूर्णांक एक. शेचाळीस तासांच्या बाळाला ठीक.

"डॉक्टर, हे कपडे मागून आणलेत."

"म्हणजे? गरीब आहेत का?"

कनीज हसली. "गरिबीचं काय त्यात? हे टोपडं बघा. आमच्या लोकांच्यात विणतात असं. शेजारणीने पदर पसरला तेव्हा माझ्या अम्मीने माझ्या भावाचं दिलेलं. त्यांच्या घरी..." तिने सगुणाबाईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाहेर सांगते."

मी टॅब भरत होतो.

प्रश्न अकरा. आधीच्या भावंडाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं का?

"पहिलंच ना हे?" मी विचारलं.

ज्ञानेश्वरीने सासूकडे पाहिलं. सगुणाबाईने तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"पयलाच," ती म्हणाली.

मी 'नाही' दाबलं.

कयास दोन क्षण विचार करतो. तेवढा वेळ पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरतं.

कावीळ: २.७ %

"चला, घरी जा," मी म्हणालो. "शनिवारी आणा दाखवायला. नक्की."

"शनवारी?" सगुणाबाई म्हणाली.

"हो, शनिवारी."

"बगू."

मी ते 'हो' असं ऐकलं. बाहेर आलो तर खालून प्रसूतिगृहाचा फोन होता, जुळं अडकलंय म्हणून. कनीज आणि मी दोघंही जिन्यावरून धावलो. ती जे बाहेर सांगणार होती ते राहिलं.

*

कपडे मागून आणणं म्हणजे काय, ते मला सोमवारी कळलं. वाचणाऱ्याला आत्ताच सांगतो. कुणालातरी वेळेवर कळलेलं असावं.

जिचं मूल राहत नाही, तिने पुढच्या खेपेला पाच घरं मागायची. ज्या घरांतली मुलं धडधाकट आहेत अशी घरं. त्यातलं एक दुसऱ्या देवाचं. दारात उभं राहून पदर पसरायचा, आणि त्या घरातल्या जगलेल्या मुलाचं अंगावरचं काहीतरी मागायचं. नवं चालत नाही. मग आपलं मूल त्या कपड्यांत वाढवायचं. सटवाईला वाटतं, हे त्या पाच घरांचं आहे, इथलं नाही. आणि गेलेल्या मुलाबद्दल बोलायचं नाही. नव्या मुलाच्या कानावर तर मुळीच नाही. बोललं की मागच्याला घरचा रस्ता सापडतो आणि तो भावाला न्यायला येतो.

म्हणून पयलाच.

तेव्हा त्या झबल्यात दोन गोष्टी होत्या, वाचता येणाऱ्याला वाचण्यासारख्या. एक, या आईचं आधीचं मूल गेलेलं आहे. दोन, डांबरगोळी. कनीजला पहिली वाचता आली. दुसरी मी वाचायला हवी होती, कारण ती पुस्तकात आहे, एमडीच्या परीक्षेत मी त्यावर पाच गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे: काही मुलांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एक द्रव्य जन्मतःच कमी असतं, अशा मुलाला डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर पेशी फुटत जातात, कावीळ वाढते, मेंदूत शिरते.

पाचपैकी साडेचार गुण मिळाले होते.

*

शनिवारी पाचवी होती. पाचवीला बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, हे रुग्णालयाच्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. पाटा मांडला, वरवंट्याला कुंकू लावलं, दिवा ठेवला. बाळ दिवसभर झोपून होतं. गुणी आहे हो, रडत नाही, असं आल्यागेल्या बायका म्हणाल्या.

आमच्या वहीत: भुवड, आले नाहीत.

कयासने आपण होऊन एक मेसेज पाठवला. घरातला एकच नंबर नोंदवलेला होता, स्वरूपचा. तो त्या वेळी कांदिवलीत एका इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता.

रविवार. रविवारी मी काय केलं ते मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला.

*

सोमवारी सकाळी नऊला रिक्षा आली.

बाळ तळपायांपर्यंत पिवळं. दुपट्यावर लघवीचा डाग, कोऱ्या चहाच्या रंगाचा. मान मागे, पाठ कमानीसारखी, मुठी आत वळलेल्या. रडणं असं, की पत्र्यावर खिळा ओढावा. यंत्र कपाळाला टेकवलं तर आकडाच दाखवेना. रक्त पाठवलं. छत्तीस पूर्णांक चार.

नऊपासून छत्तीसपर्यंत. चार दिवसांत.

रक्त बदलायला घेतलं. बेंबीच्या नळीतून दहा मिली काढायचं, दहा मिली नवं घालायचं. पुन्हा दहा काढायचं. कनीज मोठ्याने मोजत होती. अकरा. बारा. मोजता मोजता मध्येच, आवाज न बदलता, म्हणाली, "आजी बाहेर सांगतेय, पहिलापण असाच पिवळा झालेला. गेल्या वर्षी. चौथ्या दिवशी गेला, घरीच. तेरा."

"मग पहिलाच म्हणून का सांगितलं?"

"चौदा. मी त्या दिवशी तेच सांगणार होते तुम्हाला, डॉक्टर. पंधरा."

मग तिने मला ते पाच घरांचं सांगितलं, आकड्यांच्या मधल्या मधल्या जागेत. मी ऐकत होतो आणि सिरिंज ओढत होतो. आम्ही बाळाचे कपडे कापून काढले होते. पिवळं झबलं खाली फरशीवर पडलेलं. वास अजून येत होता.

सव्विसाव्या की सत्ताविसाव्या सिरिंजला बाहेर एकचा भोंगा झाला. कनीजने मान वर केली. मीही. मी खाली पाहिलं तेव्हा बाळ दचकलेलं नव्हतं. ग्लानीत आहे, असं मी स्वतःला म्हणालो.

बाळ जगलं.

*

दुसऱ्या दिवशी मी दार लावून टॅब घेतला आणि तेच बाळ पुन्हा भरलं. गुरुवारची सकाळ, शेचाळीस तास, नऊ पूर्णांक एक. प्रश्न अकराला या वेळी 'हो'.

कावीळ: १८.९ %

रेघेच्या वर. ठेवून घेतलं असतं. आमच्या चादरीत, आमच्या कपड्यांत.

मग प्रश्न नीट वाचला. आधीच्या भावंडाला काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं का? त्या पहिल्या मुलाला कुणीही दिव्याखाली ठेवलं नव्हतं. तो दिव्यापर्यंत पोचलाच नव्हता. सगुणाबाई खरं बोलली असती, मी नियमाने भरलं असतं, तरी उत्तर 'नाही'च आलं असतं. जे मूल काविळीने मेलं ते कयासच्या लेखी बिनकाविळीचं.

'हो' दाबायला नियम मोडावा लागला असता. नियम मोडायला आधी शंका यावी लागली असती. शंकेसाठीच तर टॅब घेतला होता.

वासासाठी कुठे काही भरता येतं का, तेही पाहिलं. वरून खाली, सोळा प्रश्न. नव्हतं.

*

सानवी म्हणजे कयास बनवणाऱ्यांतली एक. चांगली मुलगी. मी पत्र लिहिलं, तिने त्याच दिवशी फोन केला.

"डॉक्टर, मॉडेल चुकलं असं तुमचं म्हणणं आहे का?"

"तुम्हीच सांगा."

"मी सगळं तपासलं. ज्या बाळांना आपण दोन ते तीन टक्के दिले ना, त्यांच्यातल्या तेवढ्यांनाच झालं. किंचित कमीच. म्हणजे शंभरातली जवळजवळ तीन कुणीतरी असणारच होती."

"म्हणजे तो बरोबर होता."

"हो."

"मग चूक होण्यासाठी त्याने काय करायला हवं होतं?"

"एका बाळाच्या बाबतीत तो चुकूच शकत नाही, डॉक्टर. पुष्कळ बाळांच्या बाबतीत चुकू शकतो." मग अगदी हळू आवाजात: "मला कळतंय हे कसं वाटतंय ऐकायला."

"वासाचा प्रश्न घालता येईल?"

"वासाचा नाही येणार. डांबरगोळ्यांचा घालते. हो किंवा नाही."

तिने घातला. पुढच्या आवृत्तीत तो आहे, सतरावा: नॅप्थॅलीनशी संपर्क? आजपर्यंत दोनशे चौदा बाळांना तो विचारून झाला. दोनशे चौदा वेळा नाही. संगमेश्वरात नॅप्थॅलीन कुणाच्याच घरी नसतं.

मी सानवीला 'डांबरगोळ्या' असं लिहा म्हणून कळवणार आहे. तीन महिने झाले, कळवणार आहे.

कळवलं की मान्य होईल की इतका सोपा होता प्रश्न.

*

फेब्रुवारी. मूल तीन महिन्यांचं. बारसं झालं, कागदावर नाव आलं, पण घरात सगळे त्याला बाबल्या म्हणतात. साधं, कुणाची नजर न जाणारं नाव.

बाबल्याचे हात स्वतःशीच पिळत राहतात, जणू ओला कपडा पिळतोय. नजर वर जात नाही. वरचं काही बघायचं तर तो सगळी मान मागे टाकतो. कोल्हापूरहून कानाच्या तपासणीचा कागद आला होता. कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं त्याची रेष काढतात. रेषेत चढ-उतार असायला हवेत. कागदावर दोन सरळ रेषा होत्या, एक डाव्या कानाची, एक उजव्या.

तरी मी वाटी आणि चमचा घेतला. बाबल्या ज्ञानेश्वरीच्या मांडीवर होता. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"ऱ्हाऊ दे ओ," ती म्हणाली. "घरी रोज वाजवतो आम्ही. ताट वाजवतो. सासूबाय तर त्या दिवशी गणपतीतली झांज घेऊन बसलेल्या. शेजारची पोरां जमली, त्यांना वाटलं आरती हाय."

सगुणाबाई दाराशी होती. तिने हसायचा प्रयत्न केला.

मी खुर्चीत येऊन बसलो. ज्ञानेश्वरीने पायाशी ठेवलेली कापडी पिशवी वर घेतली.

"एक विचारायचा होता, डाक्टर. आमच्या वाडीत मैना हाय. तिची दोन गेली. आता सातवा लागलाय. ती आलती पदर पसरून." तिने पिशवीवर हात ठेवला. "माझा जगला ना. म्हणून माझ्याकडं मागायला आली. ह्यात हायत ते कपडे. तो पिवळा झबला तुमी कापला, तो पन शिवला मी. धुवून, ट्रंकेत नीट गोळ्या घालून ठेवलेले. द्यायचे काय ओ?"

त्या सोमवारपासून, तीन महिने, मी हा विषय चुकवत होतो. का झालं, असं तिने कधी विचारलं नव्हतं. मी पण सांगितलं नव्हतं. कागदांवर लिहिलं होतं सगळं, इंग्रजीत. स्वरूपला फोनवर म्हणालो होतो, रक्ताचा दोष आहे, जन्मतः. ते खोटं नव्हतं.

"त्याचं असं आहे," मी सुरू केलं. "मैनाच्या बाळाला तोच दोष असेल असं नाही. आपल्याकडे हे शंभरात दोन-तीन जणांना असतं, काही समाजांत जास्त. त्यात मुलगी झाली तर शक्यता आणखी..."

"टक्के नको." ती शांतपणे म्हणाली. "व्हय का नाय, येवढा सांगा."

"नाही. देऊ नको."

"का?"

बाबल्याचे हात पिळत होते.

मी सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, नजर टेबलाच्या काचेवर ठेवून. की त्याच्या रक्तात एक गोष्ट कमी आहे. ती उणीव आईकडून येते, आईला कळतही नाही. पहिल्यालाही तेच असणार. पुढे मुलगा झाला तर त्यालाही असू शकेल, दोनातल्या एकाला. अशा मुलाला काही गोष्टी सोसत नाहीत. डांबरगोळ्या सोसत नाहीत. कपड्यांतूनसुद्धा.

"मंजे कपडे," ती म्हणाली.

"गोळ्या. कपडे नाहीत, त्यातल्या गोळ्या."

"मी मागून आणलेले."

"ज्ञानेश्वरी, तुला माहीत नव्हतं. कुणालाच..."

"पाच घरां फिरले मी. नववा लागलेला. पाय सुजलेले, चप्पल बसत नव्हती पायात." तिने सासूकडे पाहिलं नाही, बाळाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी. घरी सोडलात त्या दिवशी. तुमी गाठ सोडलीत झबल्याची. तुमाला वास आलता?"

नाही म्हणता आलं असतं. बगू म्हणता आलं असतं. तिला खरं कळायचा दुसरा मार्ग नव्हता. कनीज बोलली नसती.

"हो," मी म्हणालो. "आला होता."

माझी अपेक्षा होती ती ओरडेल. मी त्याची तयारी केली होती, खरं तर वाट बघत होतो.

"मला पन आलता," ती म्हणाली. "मला वाटला, चांगला वास हाय. जपून ठेवलेल्या कपड्यांचा. कुनाच्या तरी घरात पोरांचे कपडे येवढे जपून ठेवलेत, मंजे ती पोरां जगलीत."

दाराशी सगुणाबाई भिंतीला टेकली. "मी पयलाच बोलले," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. "मीच बोलले गो पयलाच."

ज्ञानेश्वरी उठली. पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली, टॅबच्या शेजारी.

"मैनाला मी काय सांगू?"

"सांग, डॉक्टरांनी ठेवून घेतले."

"ती म्हनेल, मीच दिले नाय. माझा जगला, तर तिला द्यायला माझा हात आखडला." तिने बाबल्याला खांद्यावर घेतलं. "म्हनू दे."

त्या बाहेर पडल्या. मी खिडकीतून पाहत होतो. आवाराच्या फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभ्या होत्या, सगुणाबाईने पदराने बाळावर सावली धरलेली. तेवढ्यात एमआयडीसीचा भोंगा झाला, एकचा. सगुणाबाईने मान वर केली. ज्ञानेश्वरीने केली. फाटकातल्या कुत्र्याने केली. मग दोघींनी एकाच वेळी मान खाली करून बाळाकडे पाहिलं. बराच वेळ बघत राहिल्या, भोंगा थांबल्यावरही.

पिशवी माझ्या कपाटात आहे. कपाट उघडलं की वास येतो. परवा कनीज म्हणाली, टाकून द्या आता. मी म्हटलं, बगू.

त्या गुरुवारी सकाळी, घरी सोडण्याआधी, नेहमीप्रमाणे बाळाच्या कानांची तपासणी झाली होती. दोन्ही कान चांगले होते.